टाके घातलेलं प्रकरण

महिन्यातून दोनदा मला कामासाठी सोहारला जावं लागतं. मस्कतजवळच्या माबेलाहून सकाळी निघायचं, दीड-पावणेदोन तास सरळ रस्ता कापायचा, बंदरावर माल सोडवण्याच्या कागदांवर सह्या-शिक्के घ्यायचे आणि ऊन उतरायच्या आत परत फिरायचं. अकरा वर्षं हेच चाललंय. एवढ्या वर्षांत मी तिथल्या, लहानपणी राहायचो त्या जुन्या गावाकडे एकदाही गाडी वळवली नव्हती. टाळत होते असं नाही. दमलेल्या माणसाला सरळ रस्ताच बरा वाटतो, इतकंच.

गेल्या महिन्यात सही करणारे साहेब जागेवर नव्हते. काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, "बादेन, बाद में, मॅडम. दो घंटा. इन्शाल्ला." दोन तास गाडीत एसी लावून बसण्यापेक्षा बरं, म्हणून निघाले. हाताला सवय असल्यासारखी गाडी समुद्राच्या बाजूला वळली.

हॉस्पिटलच्या क्वार्टर्सची ती रांग अजून उभी होती. आठ खोल्या, पुढे सिमेंटचा लांब ओटा. आमची उजवीकडून तिसरी. खिडकीत जिथे एसी असायचा, तिथलं भोक विटांनी बुजवलेलं. दारावर कुणाच्या तरी कामाच्या पँटी वाळत घातलेल्या. आत आता मजूर राहतात. त्यांच्यातला एकजण ब्रश तोंडात धरून बाहेर आला आणि म्हणाला, "किसको देखना है, मॅडम?"

"किसीको नहीं," मी म्हटलं. "पहले इधर रहते थे हम."

त्याने मान हलवली आणि ओट्यावरची बादली बाजूला केली, जणू मी आत येऊन बसणारच होते. मी बसले नाही. पण वारा समुद्रावरून आला आणि त्यात वाळत घातलेल्या तारली मासळीचा वास होता, आणि त्याच्या मागे कुठेतरी लिंबांच्या बागांचा. मी तिथेच गाडीला टेकून उभी राहिले.

आई त्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात नर्स होती. मी दुसरीत असताना आम्ही इथे आलो. बाबा डोंगरातल्या तांब्याच्या खाणीवर असायचे, कॅम्पमध्येच राहायचे आणि गुरुवारी धुळीने तांबूस होऊन घरी यायचे. उरलेला आठवडा आई आणि मी. तिची रात्रपाळी असली की ती सकाळी येऊन आडवी व्हायची. मी शाळेतून आले की पाय न वाजवता वावरायचं, हा घरातला एकमेव नियम. चारच्या सुमाराला ती उठायची. दुधाच्या पावडरीचा चहा करायची, त्यात पावडरीच्या गुठळ्या तरंगायच्या. मग आम्ही दोघी कप घेऊन ओट्यावर बसायचो. तिच्या हातांना कितीही धुतलं तरी डेटॉलचा वास यायचा, आणि पदराला त्या वॉर्डातल्या बायका जाळायच्या त्या लोबानाचा.

मग पुस्तक.

आमच्या आधी त्या खोलीत कुणी विलायती मेट्रन राहत होती. तिने मागे ठेवलेल्या वस्तूंत एक लोखंडी पलंग, एक फुटका आरसा आणि एक काळ्या कापडी बांधणीचं जाड पुस्तक होतं. मुखपृष्ठानंतरची पानं गेलेली. एका स्कॉटिश डॉक्टरचं ते चरित्र, त्याच्या धाकट्या बहिणीने लिहिलेलं. घरात गोष्टीचं म्हणावं असं तेवढंच पुस्तक. माझं इंग्रजी शाळेपुरतं आणि मराठी त्याहून लंगडं व्हायला लागलेलं, म्हणून आई इंग्रजी ओळीवर बोट ठेवून मराठीत वाचायची. बोट इंग्रजीतून जायचं आणि तोंडातून आपलं काहीतरी यायचं. ती त्याला अँड्र्यू डॉक्टर म्हणायची, मीही.

अँड्र्यू डॉक्टर चांभाराचा मुलगा. उत्तरेकडचं थंडगार कोळ्यांचं गाव. कॉलेजात जायला चार दिवस चालत गेला, पाठीवर सातूच्या पिठाची गोणी, तेवढंच पीठ सहा महिने पुरवायचं. "रोज सकाळ-संध्याकाळ सातूची पेज," आई म्हणायची, "आणि तू भातात तूप नाही म्हणून रडतेस." डॉक्टर झाल्यावर त्याला गावात कुणी रोगी मिळेना, म्हणून तो जहाजावर चढला. मुंबईला उतरला. तिथून त्याला कोकणात पाठवलं, देवीची लस टोचायला. मचव्यातून गावोगाव हिंडायचा. लोक मुलं लपवून ठेवायचे, तर तो आधी स्वतःच्या दंडावर टोचून दाखवायचा. शेवटी दंडावर जागा उरली नाही.

इथे दाऊदचाचा हसायचे. दाऊदचाचा म्हणजे हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवणारे, हर्णैचे. गाडी सावलीला लावून ते ओट्याच्या टोकाला बसायचे आणि गोष्ट ऐकायचे, पण ऐकतोय असं दाखवायचे नाहीत.

"काय गो सिस्टर, हर्णैला उतरला होता म्हन्तेस तो? मग आमच्या पणज्याला त्यानेच टोचलं असंल. आमचा पणजा लय पळायचा म्हन्त्यात."

"पुस्तकात नाव नाही हो पणजोबांचं."

"कसं असंल? पळाला ना तो!"

कोकणातच डॉक्टरचं लग्न झालं, दोन मुलं झाली, मार्गारेट आणि तिचा लहान भाऊ. मग त्याची बदली मस्कतच्या इंग्रज वकिलातीत झाली. ते वर्णन आई फार मन लावून वाचायची. बंदराच्या मागचे काळे कातळ दिवसभर तापायचे. डॉक्टर ओली चादर अंगावर घेऊन झोपायचा आणि ती पहिल्या झोपेतच वाळून खडखडायची. मेणबत्त्या न पेटवताच वितळायच्या. आणि सकाळी दाराशी माणसांची ओळ. कोळी, हमाल, सुलतानाच्या घरच्या बायका, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले खलाशी. बहुतेकांचे डोळे गेलेले नाहीतर जायला लागलेले.

"खुपऱ्या," आई म्हणायची, आणि पुस्तक मांडीवर पालथं घालून माझी पापणी एका झटक्यात उलटून दाखवायची. "अशी उलटायची. आत साबुदाण्यासारखे दाणे दिसतात. तो पिसाच्या काडीवर उलटायचा. आम्ही आता नुसत्या बोटाने." ती स्वतः गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांच्या पापण्या उलटून मलम घालायची. शंभर वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर कुणीतरी हेच करत होता, हे तिला कुठेतरी बरं वाटायचं असणार. तिने तसं कधी म्हटलं नाही. वाचता वाचता तिचा डोळा लागायचा एवढं मात्र खरं. वाक्य अर्धं राहायचं. डॉक्टर होडीतून पाय खाली सोडून गुडघाभर पाण्यात तसाच उभा, हातात औषधांची पेटी उंच धरलेली, आणि आई भिंतीला टेकून झोपलेली. मी तिला उठवायची नाही. डॉक्टर उभा राहू शकत होता. आईच्या पायांना सूज असायची.

मस्कतला डॉक्टरची बायको तापाने गेली. ते आईने एका दमात वाचलं आणि उठून चहाचे कप विसळायला गेली.

त्यानंतरच्या दिवसांत गोष्ट एकदम छान झाली. आता मुलं आणि डॉक्टर तिघंच. मार्गारेटने हरणाचं पाडस पाळलं. ती औषधांच्या बाटल्यांवर नावं लिहायला शिकली. अरबी तिला बापापेक्षा चांगली यायची, त्यामुळे बायका आपलं दुखणं आधी तिला सांगायच्या आणि ती डॉक्टरला. पटकीच्या साथीत डॉक्टर घरोघर फिरून पाणी उकळून प्यायला लावायचा, तेव्हा मार्गारेट घरी चूल पेटती ठेवायची. लहान भाऊ हलवा खाऊन दात किडवायचा. या भागात आईचा डोळा कधी लागला नाही. ती भरभर बोलायची, आणि तिचं बोट ओळीवरून फिरायचं नाही, हे माझ्या लक्षात यायचं. पुस्तक रोज त्याच जागी उघडायचं. पण नऊ वर्षांच्या मुलीला गोष्ट चालू राहिल्याशी मतलब.

चौथी संपत आली तेव्हा एका गुरुवारी बाबा घरी आले आणि जेवताना म्हणाले, इथल्या शाळेत चौथीच्या पुढचे वर्ग नाहीत, मी पुण्याला मावशीकडे राहायचं. ठरलं होतं. आई ताटाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मी तिला विचारलं, "मार्गारेट तर राहिली ना त्याच्याजवळ?"

"कोण?"

"मार्गारेट. तिला कुठे शाळा होती? तरी राहिली."

दाऊदचाचांनी उगाच गाडीची काच पुसायला घेतली. मग आई म्हणाली, "ते पुस्तकात असतं, बाळा."

त्यानंतर पुस्तक उघडलं गेलं नाही. सामान बांधण्यातच दिवस गेले. दाऊदचाचांनी मला खजुराचा डबा दिला, त्याचं झाकण सेलोटेपने चार वेळा गुंडाळलेलं. विमानतळावर आईने माझ्या फ्रॉकच्या आतून रुमाल पिनेने लावला आणि माझ्या डोळ्यांकडे बघितलं, नर्स बघते तसं, आधी एका मग दुसऱ्या. "डोळे चोळायचे नाहीत," एवढंच म्हणाली.

हे सगळं तिथे गाडीला टेकून उभी असताना आठवत गेलं. दोन तासांनी बंदरावर सही मिळाली आणि मी माबेलाला परत आले.

पुढे शिकून मीही नोकरीसाठी इकडेच परत आले. आई नोकरी सोडून कायमची पुण्याला गेली, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. बाबा गेल्यावर ती तिथे एकटीच असते. जाताना तिने एक खोका माझ्याकडे ठेवला होता, "बघ कधीतरी" म्हणून. माझ्या कपाटावर तो तसाच पडून होता. त्या शुक्रवारी दुपारी मी स्टुलावर चढून तो खाली काढला. निळी पातळ हवाई पत्रं, ऑडिओ कॅसेटी, खडूने पांढरे केलेले तिचे कॅनव्हासचे बूट, आणि तळाशी ते काळं पुस्तक.

ते मध्यावर उघडेना. बघितलं तर बारा-पंधरा पानं एकमेकांना शिवलेली. काळा रेशमी दोरा, जखमेला टाके घालतात तो. तीन टाके, सारख्या अंतरावर, सारख्या ताणाचे, प्रत्येकाला दुहेरी गाठ. आईचा हात मी कुठेही ओळखला असता. टाके कसे काढतात तेही तिनेच शिकवलं होतं: गाठ चिमट्याने उचलायची, एकाच बाजूने कापायचं, ओढायचं. मी तसे काढले. कागदावर तीन-तीन भोकं राहिली.

जुन्या पुस्तकांत प्रकरणाच्या माथ्यावर आतला मजकूर बारीक अक्षरांत सांगितलेला असतो. तिथे लिहिलं होतं: मुलांची मायदेशी रवानगी. बंदरावरचा निरोप. डॉक्टरांचा एकांत. नऊ वर्षांनंतरची भेट.

बायको गेल्यावर चार महिन्यांतच डॉक्टरने दोन्ही मुलांना एका आयाबरोबर जहाजात बसवून स्कॉटलंडला बहिणीकडे पाठवलं होतं. मार्गारेट सात वर्षांची, भाऊ पाच. हरणाचं पाडस नव्हतं. बाटल्यांवर नावं लिहिणारी मुलगी नव्हती. डॉक्टर प्रत्येक डाकेला पत्र लिहायचा, खाली होड्यांची चित्रं काढायचा. मुलीची उत्तरं यायची ती आत्याने शुद्धलेखन सुधारलेली. तो दर वर्षी रजा मागायचा. कधी साथ आली, कधी बदली डॉक्टर मिळाला नाही. नवव्या वर्षी रजा मिळाली. तो गावी पोचला तेव्हा मुलं दारात ओळीने उभी केलेली होती. मुलाला काही आठवत नव्हतं. मार्गारेटने गुडघे वाकवून नमस्कार केला आणि म्हणाली, "प्रवास बरा झाला का, सर?"

बहिणीने पुढे लिहिलं होतं की तो सात महिने राहिला. थंडी त्याला सोसेना, बूट पायात राहीनात, आणि सकाळी उठून दाराशी जायचा तर तिथे कुणी थांबलेलं नसायचं. आठव्या महिन्यात तो स्वतःहून परत मस्कतला गेला. आणखी सहा वर्षं पापण्या उलटत राहिला. तापानेच गेला. त्याला होडीतून नेऊन कातळांमधल्या एका छोट्या खाडीत पुरलं, जिथे पायवाटेने जाता येत नाही. त्याच्या वहीतली शेवटची नोंद एका कोळणीची होती: डावा डोळा बरा.

मी पुस्तक मिटलं. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले. मला सारखी मावशीच्या घराची पायरी दिसत होती.

पुण्याला गेल्यावर दोन वर्षं मला आई भेटली नाही. पहिल्या वर्षी तिची रजा नामंजूर झाली, दुसऱ्या वर्षी बाबांना अपघात झाला. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला ती आली. मी पायरीवर वेण्या घालत बसले होते. रिक्षातून एक बाई उतरली, काळी पडलेली, केस आखूड कापलेले, दोन्ही हातांत पिशव्या. ती फाटकाशीच थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी उठले. मावशीकडे येणाऱ्या कुणाही पाहुणीला म्हणायचे तेच म्हणाले, त्याच आवाजात: "या ना, बसा. तुम्हाला पाणी आणू का?"

आईला कुणी 'तुम्ही' म्हणत नाही. आमच्याकडे तर नाहीच. तिने पिशव्या खाली ठेवल्या. "आण," ती म्हणाली. मी पाणी आणलं, ती प्याली, पेला परत दिला. मावशी बाहेर येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो. पुढे सगळं सुरळीत झालं. मी दोन दिवसांत 'तू' म्हणायला लागले, ती तीन आठवडे राहिली, तिने मला दोन फ्रॉक शिवले. त्या पाण्याबद्दल ना ती कधी बोलली ना मी.

संध्याकाळी मी तिला फोन लावला. व्हिडिओवर तिला फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे नेहमी कपाळ आणि पंखा दिसतो.

"सोहारला गेले होते," मी म्हटलं. "आपली खोली आहे अजून."

"पाडली नाही?"

"नाही. आणि खोका उघडला आज. डॉक्टरचं पुस्तक निघालं. मधलं प्रकरण शिवलंयस तू."

कपाळ हललं नाही. "हो. शिवलं होतं."

"मला कळू नये म्हणून?"

"तुला कशाला? तुला थोडंच वाचता येत होतं तेव्हा." ती म्हणाली. "मलाच नको होतं. वरच्या चार ओळी वाचल्या, आणि त्याच आठवड्यात तुझ्या बाबांनी मावशीला पत्र टाकलं होतं. ड्यूटीवर टाक्यांचा ट्रे समोर होता. घातले टाके."

"म्हणजे तू ते वाचलंच नाहीस? कधीच?"

"नाही गं. पुढचं सगळं मनाने सांगितलं तुला." पंख्याचा आवाज येत राहिला. मग तिने विचारलं, "तू वाचलंस?"

"आज वाचलं."

"भेटली का त्याला मुलं?"

"भेटली. नऊ वर्षांनी."

"ओळखलं?"

मला हो म्हणता आलं असतं. तिने माझ्यासाठी एक अख्खा उन्हाळा हरणाचं पाडस पाळलं होतं. मला एका शब्दाचं खोटं जड नव्हतं. पण मी फार दमले होते, आणि दमलेल्या माणसाला रचून सांगता येत नाही. आईला यायचं.

"नाही," मी म्हटलं. "मुलीने त्याला सर म्हटलं."

कपाळ बाजूला सरकलं, नुसता पंखा दिसत राहिला.

"हं," ती म्हणाली. "तू तुम्ही म्हणाली होतीस."

तिच्या ते लक्षात असेल हे मला ठाऊक होतं.

"आई, मी मुद्दाम म्हणाले होते."

"काय?"

"मी तुला ओळखलं होतं. तू रिक्षातून पाय खाली टाकलास तेव्हाच. तुझी यायची तारीख मावशीच्या कॅलेंडरवर मीच लिहिली होती. मी सकाळपासून पायरीवर बसले होते. शाळेत गेले नव्हते."

"मग?"

"मग तू आलीस आणि मला इतका राग आला. तुला लागावं म्हणून म्हटलं. तुला लागलं ते मी बघितलं, आणि तरी पाणी आणायला गेले."

फोन हलला. छत दिसलं, भिंतीवरचं घड्याळ दिसलं, मग पहिल्यांदाच तिचा अख्खा चेहरा चौकटीत आला. डोळे आता तिचे अधू झालेत, ती पडद्याच्या अगदी जवळ आली होती. ती रडत असेल असं वाटलं, पण ती रडत नव्हती. खूप वेळ उचलून धरलेलं काहीतरी खाली ठेवल्यासारखे तिचे खांदे उतरले होते.

"मुद्दाम?" तिने पुन्हा विचारलं. "नक्की?"

"हो गं आई."

"राग होता होय," ती म्हणाली. "बाई गं. आणि मी एवढी वर्षं समजत होते, विसरलीस."